थोरल्या जावेचा पंखा

पिंपळे, ता. अमळनेर
२२ जून १९९७

चि. सौ. सुषमाला सरलाबाईचा आशीर्वाद.

सुरतेत पाऊस किती आणि भाजी काय भावाने हे विचारायला हे कार्ड घेतलेलं नाही. तुमच्या सुरतेचे सुकलाल आबा पेरणीसाठी गावात आलेत. काल भर ओट्यावर, चार माणसं बसलेली असताना मला म्हणाले, "सरलाबाई, आते तुम्ही रिटायर व्हई जा. कानबाईनी बदली सुरतले व्हई गयी." सगळे हसले. तुझे जेठसुद्धा हसले, आणि मग माझं तोंड बघून तंबाखू मळत बसले.

नवागामला कुणाच्या तरी गोंधळात तुझ्या अंगात आलं म्हणे. बायका पाया पडल्या, एकीने मुलाच्या नोकरीचं विचारलं म्हणे. खरं का हे? या घरात कानबाई थोरल्या सुनेच्या अंगात येते. आधी सासूबाईंच्या यायची, त्या गेल्या त्या वर्षापासून माझ्या येते. मधली, धाकटी असा प्रकार आपल्याकडे नाही. देवीला सुरतेला जायचं होतं तर तिने निदान मला सांगून जायचं होतं.

उलट टपाली काय ते कळव. गोपाल भाऊजींना आशीर्वाद. हर्षदाच्या लग्नाचं धरणगावला बोलणं मी चालवलंय, ते विसरू नकोस.

सरलाबाई

---

नवागाम, सुरत
२९ जून १९९७

ती. सौ. जाऊबाईंना सुषमाचा नमस्कार.

तुमचं कार्ड आमच्याआधी अर्ध्या गल्लीने वाचलं. पोस्टमन खालच्या दुकानात टाकून जातो आणि दुकानदार हौशी आहे. त्याने मला "रिटायर एटले शुं?" असा रिटायरचा अर्थ हसत विचारला. पाया पडते, कार्डावर लिहू नका. आंतरदेशीयावर काय हवं ते बोला.

मी काहीही केलं नाही हो. भिकन भाऊंच्या मुलाचं लग्न झालं, त्याचा गोंधळ होता. पत्र्याची खोली, त्यात पन्नास माणसं, समोर दिवटी, वर संबळ. मला आधी पोटात काहीतरी पेटल्यासारखं झालं. मग ते छातीतून मानेत आणि मानेतून तोंडावर चढलं. कान तापले. हात थरथरायला लागले आणि बघता बघता मी घामाने निथळले. शेजारच्या बाईने मला सांभाळायला हात लावला तर मी तिला असं ढकललं की ती दोन बायकांवर जाऊन पडली. इतकी ताकद माझ्यात कुठून आली ते मलाच कळलं नाही. तेवढ्यात देवी आली समजून कुणीतरी ओरडलं, "माय उनी, माय उनी!" पलीकडच्या गुजराती बेनने तर डोक्यावर पदर घेऊन "माताजी, माताजी" सुरू केलं.

तुम्हाला माहीत आहे, हिवाळ्यात माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून अंगात उष्णता फार आहे. दिवसातून बऱ्याच वेळा होतं असं. पण त्या वेळी मला बोलायला सुधरत नव्हतं. मला पाटावर बसवलं, कपाळाला मळवट भरला आणि तिघीजणी पंखे घेऊन दोन्ही बाजूंनी वारा घालायला लागल्या. जाऊबाई, खरं सांगते, फार बरं वाटलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सगळ्यांना वाढण्यातच दिवस गेले. मला कुणी वारा घालतंय हे पहिल्यांदाच झालं. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही एवढं खरं.

मुलाच्या नोकरीचं विचारणारीला मी "होईल" एवढंच म्हणाले. आता त्याला हजीऱ्याला काम लागलं, त्यात माझा काय दोष?

हे बरे आहेत. लूमवर रात्रपाळी चालू आहे. हर्षदा माझ्याबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवते.

आपली,
सुषमा

---

पिंपळे
६ जुलै १९९७

चि. सौ. सुषमाला आशीर्वाद.

घे, आंतरदेशीय. आता तुझ्या दुकानदाराची करमणूक बंद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा अंगाचा तिळपापड झाला. त्यातही कशाने झाला सांगू? पंख्याने. सासूबाई गेल्यापासून दर वर्षी कानबाई माझ्या अंगात येते. मी घुमते, घसा बसेपर्यंत सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देते, दुसऱ्या दिवशी अंग उचलत नाही. मला आजवर एका बाईने पंखा घातलेला नाही. अंगातून माय गेली की सगळ्या प्रसादाचे रोट खायला पळतात आणि मी खांबाला टेकून बसते. तुला मात्र पहिल्याच खेपेला तिघी!

प्लेगच्या साली सगळं सुरत पळालं तेव्हा तू पोरं घेऊन इथे येऊन राहिलीस. तेव्हा मी घुमत असले की तू माझ्याकडे टक लावून बघायचीस. मला तेव्हा वाटायचं, बिचारी घाबरली असेल. आता कळतंय, तू शिकत होतीस. मान कशी टाकायची, हात कसे कापवायचे. ढकलण्याची कल्पना मात्र तुझी स्वतःची, ती छान आहे, मला कधी सुचली नाही.

आता नीट ऐक. सुकलाल आबांनी टूम काढली आहे की आपली अर्धी भाऊबंदकी नवागाम-डिंडोलीतच राहते, तेव्हा कानबाई म्हणून आपण पुजतो ते नारळ पुढच्या वर्षापासून तुझ्याकडे ठेवावं. म्हणजे माझ्या देव्हाऱ्यातून नारळ उचलून तुझ्या पत्र्याच्या खोलीत! मी मेल्यावर न्या म्हणावं.

कानबाईच्या सणाचे रोट यंदा १० ऑगस्टला रविवारी आहेत. तू यायचंस. एका घरात दोघींच्या अंगात येऊ लागलं तर काय करायचं ते सासूबाईंनी मला सांगून ठेवलंय. पहाटे दोघींनी नदीवर जायचं. पाच सवाष्णी दोघींना गळ्यापासून बेंबीपर्यंत हळद लावतात, एका नेसूत, म्हणजे नुसत्या लुगड्यावर, घागरी ओततात आणि ओलेत्याने घरापर्यंत आणतात. ज्या बाईचं खरं असेल तिच्या अंगात दारातच येतं. धरणगावची माझी मावसबहीण हर्षदाला बघायला त्याच दिवशी येणार आहे, तिलाही सवाष्णींत धरलंय.

नाहीतर दुसरा मार्ग सोपा आहे. सगळ्यांसमोर सांग की देवी-बिवी काही नाही, मला पित्त होतं.

सरलाबाई

---

नवागाम, सुरत
१४ जुलै १९९७

ती. सौ. जाऊबाईंना नमस्कार.

माझ्या अंगात देवी येत नाही. हे मी लिहून देते, तुम्ही सुकलाल आबांना वाचून दाखवा. नारळ तुमचं, पाट तुमचा, मळवट तुमचा. मला काही नको.

आणि ती उष्णताही आता राहणार नाही, मी बंदोबस्त केला आहे. एक गोळी सुरू होती, रोजची, तिनेच ते व्हायचं. परवापासून ती बंद केली. यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका. महिनाभरात अंग थंड होईल. आरतीच्या धगीत उभी राहिले तरी मला काही होणार नाही, आणि कुणाला काही वाटणार नाही.

मी रोटाला येईन, पण नदीवर येणार नाही. घागरी तुमच्यावरच ओतू द्या. मला गार पाणी सोसत नाही. हर्षदाला त्या दिवशी तुमच्या मोरपिशी साडीत उभी करा, तिला तो रंग खुलतो.

तुम्ही लिहिलंत की मी टक लावून बघायचे. बघायचे, खरं आहे. तुम्ही घुमताना नव्हे. नदीवर तुम्ही लुगडं छातीशी गुंडाळून दगडावर बसायचात, हसत, कुणाची पर्वा न करता अंग घासायचात, तेव्हा. आता तर ते फारच आठवतं. तुम्हाला माझ्या तीन पंख्यांचा हेवा वाटतो. मला तुमच्या कशाचा वाटतो ते राहू द्या.

सुषमा

---

पिंपळे
२० जुलै १९९७

चि. सौ. सुषमाला आशीर्वाद.

तुझं पत्र हातात घेऊन मी चुलीपुढे बसले आणि भाकरी जाळली. मग एकेक गोष्ट जुळवली. रोजची गोळी. ती नवऱ्याला न सांगता बंद केली. अंगात आग. गार पाणी सोसत नाही. बायकांसमोर अंग उघडं करायचं नाही. मला काय कुणी भोळी समजतं?

सुषमा, तुला दिवस गेलेत ना?

सदतिसाव्या वर्षी! मुलगी बोहल्यावर चढायची आणि आई डोहाळे पुरवून घेणार. तरी म्हटलं, चेहऱ्यावर तेज आलं आणि बायका पाया पडल्या ते कशाने. मला चेतननंतर दुसरं मूल झालं नाही. सासूबाईंनी किती नवस केले, मीही केले, वर्षभर मीठ सोडलं होतं मी. तुझ्या पदरात मात्र आधी मुलगी, मग दोन मुलगे आणि आता हे. देवीही तुझीच आणि सटवाईही तुझीच.

मी मनात ठेवू शकले नाही. पाटलीणबाईंजवळ बोलले आणि त्या कुणाजवळ बोलल्याशिवाय राहत नाहीत. धरणगावला कळायच्या आत मलाच काय ते सांग, म्हणजे मावसबहिणीची समजूत घालता येईल. आईचं असं आहे म्हटल्यावर पोरीचं लग्न पुढे ढकलावं लागेल.

सरलाबाई

---

नवागाम, सुरत
२६ जुलै १९९७

ती. सौ. जाऊबाईंना,

नमस्कार लिहायला हात होत नव्हता इतका राग आला होता. चार दिवस थांबून लिहीत आहे.

मला दिवस गेलेले नाहीत. मला कॅन्सर झाला होता. खडे वगैरे काही नव्हतं. दिवाळीनंतर आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली, हरभऱ्याएवढी. शेजारच्या ताराबाई, परभणीकडच्या आहेत, बांधकामावर जातात, त्यांनी मला रोजगार बुडवून दवाखान्यात नेलं. पौषात डावा स्तन काढून टाकला. मग महिनाभर शेक दिला, तिथली कातडी काळी पडली. आता डाव्या बाजूला नुसती आडवी शिवण आहे. त्या जागी मी मऊ फडकं गुंडाळून ठेवते आणि पदराला दोन पिना लावते.

हे मी तुमच्यापासूनच लपवलं, कारण हर्षदाचं बोलणं तुमच्या हातात होतं. आईला असं झालं हे कळल्यावर कोण करील तिला? मुलीला पण होतं असं लोक म्हणतात. आणि तुम्ही मनात ठेवू शकत नाही, हे तुम्हीच लिहिलंत.

ती गोळी त्यासाठीच होती. आजार परत फिरू नये म्हणून पाच वर्षं रोज एक घ्यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, या गोळीने म्हातारपणी पाळी जाताना होतात तशा वाफा येतील, सोसा, पण गोळी सोडू नका. त्यांनी दोन शब्दांत सांगितलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. सोसायचं म्हणजे कसं ते इथे पत्र्याखाली कळलं. चहा सोडला, मिरची सोडली, मातीचा माठ उशाशी ठेवला, ओला पंचा मानेवर टाकून टिकल्या चिकटवते. पॉलिस्टरशिवाय या गावात अंगाला लावायला काही मिळत नाही. ज्या साड्यांवर सगळं सुरत जगतं त्याच माझ्या अंगाला चिकटतात. लाइट गेली की हर्षदा वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालते आणि विचारते, आई, खड्याच्या ऑपरेशनने असं किती दिवस होतं?

आता त्या ढकलण्याचं. गोंधळात वाफ आली तेव्हा शेजारची बाई मला वारा लागावा म्हणून माझी चोळी सैल करायला लागली. पहिलं हूक निघालंसुद्धा होतं. म्हणून मी ढकललं तिला. त्यांना ती देवीची ताकद वाटली. मी तसंच वाटू दिलं, कारण त्यानंतर सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, छातीकडे कुणी बघत नव्हतं. कित्येक महिन्यांनी असं झालं होतं. नळावर गेले की मी प्रत्येक बाईकडे बघते. म्हाताऱ्या, काळ्या, फाटक्या पोलक्यातल्या, कुणीही असो, माझ्या जिवाची लाही होते. हिचं सगळं जागेवर आहे आणि हिला त्याचं काहीसुद्धा नाही, असं वाटतं. तुमचा तर सर्वात जास्त हेवा वाटतो. तुम्ही पाच बायकांसमोर हळद लावून घेऊ शकता. मला तुमच्या देवीचं काही नको होतं, जाऊबाई. मला तुमचं अंग हवं होतं.

गोळी थांबवली ती तुमच्या पत्राने. वाटलं, वाफच आली नाही तर देवीचं नाव निघणार नाही, नदीचं नाव निघणार नाही आणि हर्षदाचं सुरळीत होईल. पण गोळी बंद करून दोन आठवडे होत आले तरी वाफा येतातच. आणि आता जोडीला भीती आहे. रोज हात उजव्या बाजूला जातो, गाठ आहे का बघायला.

आता सगळं तुमच्या हातात आहे. पाटलीणबाईंना सांगायचं तर सांगा.

सुषमा

---

पिंपळे
३१ जुलै १९९७

सुषमा,

हे पत्र वाचून संपवण्याच्या आधी ऊठ आणि गोळी घे. घेतलीस? मग पुढे वाच.

पाटलीणबाईंना मी सांगितलं की माझा हिशेब चुकला, सुषमाला नुसती उष्णता आहे. त्यांची निराशा झाली. बाकी कुणाला काही कळलेलं नाही. तुझ्या जेठांनाही नाही. मी पोस्टात स्वतः आले आहे, इथल्याच बाकावर बसून लिहिते आहे.

मला रडू आलं का, तर आलं. पण त्याहून जास्त राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ही ताराबाई कोण? परभणीची बाई तुला दवाखान्यात नेते आणि सख्खी जाऊ इथे खड्यांसाठी कुळथाचं पाणी प्यायला सांगत बसते! ऑपरेशननंतर तुझा डावा हात वर होत नसेल. मग तुझी वेणी कोण घालत होतं? तीच ना? मी न विचारता मला माहीत आहे. तुझं न्हाणं, तुझी वेणी, हे माझं काम होतं. तुझ्या लग्नात तुझे केस मी विंचरले होते. ते तू दुसरीला दिलंस याचा मला देवीपेक्षा जास्त जाच होतोय. ताराबाईला माझा नमस्कार सांग, पण फार गोड शब्दांत सांगू नकोस.

वाफांचं म्हणशील तर मला बरीच वर्षं आल्या आणि आत्ताआत्ता थांबल्या. मला विचारलं असतंस तर डॉक्टरीणबाईंपेक्षा जास्त सांगितलं असतं. वाफ चढते आहे असं वाटलं की उठून धावायचं नाही, आहे तिथे बसायचं आणि श्वास हळू सोडायचा. मनगटं पाण्यात बुडवून ठेवायची, तोंडावर पाणी मारण्यापेक्षा त्याने लवकर उतरतं. निजताना अंगाखाली सुती धडपा टाकायचा, दुसरा हाताशी घडी घालून ठेवायचा, भिजला की अंधारात बदलायचा, दिवा लावायचा नाही, म्हणजे झोप मोडत नाही. आणि ती वाफ जाते, हे मनात धरायचं. चढताना वाटतं की आता जाणारच नाही. जाते.

चेतन उद्या सुरतेला निघतोय, त्याच्याबरोबर गाठोडं पाठवते. माझी दोन जुनी सुती लुगडी आहेत, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. फाड आणि वापर. त्यातलं हिरवं मला फार आवडतं, हे तुला कळावं म्हणून लिहिते. द्यायचं जिवावर आलं होतं.

रोटाला ये. हर्षदाला घेऊन ये. नदीचं माझ्यावर सोड. माघार घ्यायची म्हटली तर नदीची गोष्ट आता साऱ्या गावात झाली आहे, पाच सवाष्णी ठरल्या आहेत, सुकलाल आबा मिशीत हसत फिरताहेत. पण तू ये.

सरलाबाई

---

नवागाम, सुरत
१९ ऑगस्ट १९९७

ती. सौ. जाऊबाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. तुम्हाला निघताना नीट बोलता आलं नाही, ओसरीवर माणसं होती. म्हणून लिहिते.

त्या पहाटे मी गोळी खाऊन, पदराला चार पिना लावून दारात उभी होते. पाच सवाष्णी घागरी घेऊन आल्या. धरणगावच्या ताईंच्या हातात हळदीची वाटी होती. आणि नेमकी त्याच वेळी वाफ चढायला लागली. पोट, छाती, मान. मला वाटलं, संपलं. आता या चोळीला हात घालणार. हर्षदा माझ्या मागेच होती.

तेवढ्यात तुमची किंकाळी आली. केस सोडून, लाल डोळे करून तुम्ही माजघरातून आलात आणि सगळ्यांत आधी हळदीची वाटी उडवलीत. मी तुम्हाला घुमताना अनेकदा पाहिलं आहे, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. शब्द न शब्द पाठ आहे माझ्या. "हिले पानी लावू नका! ही मन्ही शे. हिना आंगले हात लावशी तिना हात झडी जाई. हिले वारा घाला!" सुकलाल आबांनी टोपी काढली. मग तुम्ही माझ्या हनुवटीला धरून म्हणालात, "रोज सकाये एक धवळा दाना खाजो, पाच वरीस. चुकनी ते मी शे आन तू शे." आणि देव्हाऱ्यावरचा पंखा ओढून घेतलात आणि मला वारा घालायला लागलात. घुमताघुमता. सवाष्णी घागरी ठेवून तुमच्याभोवती हात जोडून बसल्या. कुणीतरी दुसरा पंखा पुढे केला तर तुम्ही तिच्यावर गुरकावलात. दुसरीला घालू दिलं नाहीत.

सगळी माझ्याकडे पांढऱ्या दाण्याचा अर्थ विचारत होती. मी साबुदाणा म्हणून सांगितलं. आता आपल्या भाऊबंदकीतल्या बायका इथे रोज सकाळी एक साबुदाणा खातात, त्याला माझा इलाज नाही.

गोळी रोज घेते. वाफा येतात. तुमच्या हिरव्या लुगड्याचे सहा धडपे झाले. मनगटं माठाच्या पाण्यात धरते, लवकर उतरतं. ताराबाईंना तुमचा नमस्कार सांगितला, बेताच्या शब्दांत. त्या म्हणाल्या, तुमच्या जाऊबाई भारी दिसतात.

एक विचारायचं धाडस करते. त्या पहाटे खरंच माय आली होती, की तुम्ही होतात?

धरणगावहून अजून निरोप नाही. त्यांना कधीतरी कळलं तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

आपली,
सुषमा

---

पिंपळे
२७ ऑगस्ट १९९७

चि. सौ. सुषमाला आशीर्वाद.

धरणगावचा निरोप मीच घेऊन येते आहे असं समज. मावसबहिणीला मी सगळं सांगून टाकलं. हो, मीच. लपवाछपवी करून केलेल्या लग्नात पोरीला आयुष्यभर मान खाली घालावी लागते. माझ्या मांडीला मांडी लावून ती ऐकत होती. मग म्हणाली, "गोळी लेस ना ती? मंग व्हयनं." सुपारी दसऱ्याला फोडायची म्हणते. तिने हर्षदा पसंत केली ती मोरपिशी साडीत, हे लक्षात असू दे. साडी माझी होती.

कानबाईचं नारळ माझ्याच देव्हाऱ्यात राहील. सुकलाल आबा आता त्याचं नाव काढत नाहीत.

माय होती की मी होते, हे मला विचारू नकोस. मलाही दर वेळी ते कळतं असं नाही. पण एक सांगते. इतकी वर्षं ती माझ्या तोंडून बोलते आहे. कुणाची म्हैस, कुणाची नोकरी, कुणाचं पोर, सगळ्यांचं बोलली. माझ्याबद्दल आजवर एक शब्द बोलली नाही. पहिल्यांदा या घरातल्या कुणा सुनेची काळजी केली, तर ती तुझी. आणि वारा घालायला हात कुणाचे वापरले, तर माझे. उजवा खांदा अजून उचलत नाही.

याचा मला राग आहे. हेवा म्हणालीस तरी चालेल. तो जाणार नाही, मी स्वतःला ओळखते. पुढच्या रोटाला तू पाटावर बसशील आणि मी पंखा घालीन आणि मनातून जळेन. त्याच्या पुढच्या वर्षीही जळेन. पाच वर्षं मला असंच जळायचं आहे, त्यानंतरही जळायचं आहे. त्यासाठी समोरच्या पाटावर तू बसलेली लागतेस.

गोळी चुकवू नकोस.

सरलाबाई